कालची नको, तीन आठवड्यांपूर्वीची प्रत हवी: बॅकअपमधून जुनी फाइल कशी काढायची

रत्नागिरीचे माझे मामा गेली सहा वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. वर्डमधली एकच मोठी फाइल, साडेतीनशेच्या आसपास पानं, मध्ये मध्ये जुने फोटो. २०२४च्या होळीला मावसभाऊ घरी आला, त्याने आपल्या शाखेची पानं बघायला मागितली, आणि ती पानं फाइलमध्ये नव्हतीच. चौथ्या शाखेची नव्वदेक पानं गायब. मामांनी ती दुसरीकडे हलवायची म्हणून कधीतरी कट केली होती, तेवढ्यात फोन आला, पेस्ट करायचं राहिलं आणि सवयीने फाइल सेव्ह झाली. त्यानंतरही मामा रोज त्याच फाइलवर बसत होते, पुढच्या शाखांची नावं भरत होते.

मामांकडे बॅकअप होता. त्यांनी कालची प्रत काढून बघितली, तिच्यात पानं नव्हती. परवाचीही तीच गत. "बॅकअपच खराब आहे रे," असं ते फोनवर म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज ऐकवत नव्हता.

बॅकअप ठणठणीत होता. मामा रोज जी फाइल सेव्ह करत होते ती तो रोज टिपून ठेवत होता, चुकीसकट. मामांना हवी होती चूक होण्याआधीची प्रत, आणि ती त्याच डिस्कवर दोन आठवडे मागे पडून होती. बॅकअप घ्या असं आपल्याला सगळे सांगतात. त्यात मागे कसं जायचं, हव्या त्या दिवसापाशी कसं थांबायचं, हे मात्र फारसं कुणी बसून शिकवत नाही. ते इथे सांगतो. मुख्यतः विंडोजमधली फाइल हिस्टरी आणि मॅकमधलं टाइम मशीन, कारण घरांत आणि लहान ऑफिसांत हीच दोन जास्त दिसतात.

सगळ्यात आधी: हात थांबवा

फाइल गेली किंवा बिघडली हे कळल्याबरोबर तीन गोष्टी करा.

पहिली, बिघडलेली फाइल आहे तशी राहू द्या. तिच्यावर काम करू नका, तिचं नाव बदलू नका, रागाच्या भरात डिलीट तर मुळीच करू नका. त्या फाइलमध्ये चुकीनंतर केलेलं नवं काम आहे, ते शेवटी लागणार आहे.

दुसरी, आपोआप चालणारा बॅकअप तात्पुरता बंद करा. हे ऐकून लोक दचकतात, पण यामागे कारण आहे. बॅकअपची डिस्क भरली की बरेच प्रोग्रॅम सर्वांत जुन्या प्रती पुसून नव्यांसाठी जागा करतात, आणि आपल्याला हवी असलेली प्रत नेमकी जुन्यांत असू शकते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल हिस्टरीच्या खिडकीत 'टर्न ऑफ'चं बटण असतं. ते दाबल्याने साठवलेल्या प्रती जात नाहीत, फक्त नव्या बनायच्या थांबतात. मॅकवर टाइम मशीनच्या सेटिंगमध्ये 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन बॅकअपची वारंवारता 'मॅन्युअली' करा.

तिसरी, डिस्कचा आवाज ऐका. टकटक, खरखर येत असेल किंवा डिस्क लागते-तुटते-लागते असं होत असेल, तर ती काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या धडधाकट डिस्कसाठी आहेत.

डिस्कला पासवर्ड लावलेला असेल तर तोही आत्ताच शोधा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलेल्या डिस्कचा पासवर्ड आठवत नसेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कुठेतरी छापून ठेवलेल्या कागदावर असते.

स्नॅपशॉट म्हणजे काय, आणि त्यांच्यात भोकं का असतात

स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी तुमचे फोल्डर जसे होते तसं त्यांचं चित्र. पण दर वेळी सगळ्या फाइली नव्याने उतरवून घ्यायच्या म्हटलं तर कुठलीच डिस्क पुरणार नाही. म्हणून पहिल्यांदा सगळं उतरवायचं आणि नंतर फक्त जे बदललं तेवढंच, अशी पद्धत असते. पहिली पूर्ण प्रत आणि तिच्यामागून येणारे बदल मिळून एक संच होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, संचातलं मधलंच एखादं फोल्डर जागा करायची म्हणून हाताने उडवू नका. पुढच्या तारखांची प्रत त्या तुकड्यावर उभी असू शकते. दोन, एखाद्या तारखेची प्रत दिसत नाही म्हणून घाबरू नका. त्या दिवशी फाइल बदललीच नसेल तर नवी प्रत बनत नाही. तुम्हाला ५ मार्चची अवस्था हवी आहे आणि प्रती २ मार्च व ७ मार्चच्या आहेत, तर २ मार्चची प्रत हीच ५ मार्चची अवस्था.

भोकं पडण्याचं आणखी एक कारण विरळणी. टाइम मशीन गेल्या २४ तासांच्या प्रती दर तासाला एक अशा ठेवतं, गेल्या महिन्याभराच्या दिवसाला एक, आणि त्याआधीच्या आठवड्याला एक. म्हणजे काल दुपारी तीनची आणि चारची अशा वेगळ्या प्रती आज संध्याकाळी उरलेल्या नसतील, कालची म्हणून एकच असेल. दोन महिन्यांपूर्वीच्या बुधवारची फाइल हवी असेल तर मिळेल ती त्या आठवड्याची. जितका उशीर कराल तितकी चाळणीची भोकं मोठी होत जातात, म्हणून "बघू रविवारी" असं करू नका.

विंडोजची फाइल हिस्टरी मुळात दर तासाला प्रत घेते आणि प्रती कायम ठेवते. पण हे दोन्ही बदलता येतं. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये कुणी 'एक महिना' निवडून ठेवला असेल तर त्यामागच्या प्रती आपोआप किंवा सफाई चालवल्यावर जाऊ शकतात. आधी तिथे नजर टाका म्हणजे किती मागे जाता येईल याचा अंदाज येतो.

तारीख पकडा

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. संगणकाला हातही न लावता कागद घेऊन बसा आणि दोन तारखा लिहा: फाइल नक्की चांगली होती असा शेवटचा दिवस, आणि ती नक्की बिघडलेली होती असा पहिला दिवस.

तारीख थेट आठवत नाही. तिच्या आसपासचं काहीतरी आठवतं. मामांना मी विचारलं, "चौथी शाखा तुम्ही शेवटची कधी बघितलीत?" ते म्हणाले, "महाशिवरात्रीचा उपवास सोडला त्याच्या रात्री." त्या वर्षी महाशिवरात्र ८ मार्चला, शुक्रवारी होती. उपवास सुटला शनिवारी, म्हणजे ९ मार्चची रात्र. होळी २४ मार्चला. काम पंधरा दिवसांत आलं. लग्न, परीक्षा, वीज गेलेली रात्र, कुणाला तरी ती फाइल पाठवलेला ईमेल किंवा व्हॉट्सॲप, काहीही खुंटी म्हणून चालतं. पाठवलेल्या मेलमध्ये तर कधी कधी चांगली प्रतच जोडलेली सापडते, आणि मग पुढचं काही करावंच लागत नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: या काळात फाइलचं नाव किंवा जागा बदलली का? बॅकअप फाइल ओळखतो ती तिच्या नाव-पत्त्यावरून. 'कुलवृत्तांत नवा' असं नाव दिलंत की त्याच्या लेखी ती नवीन फाइल, आणि जुना इतिहास जुन्या नावाखाली, जुन्या फोल्डरमध्येच राहतो. "जुन्या प्रतीच दिसत नाहीत" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांकडे मी हे पहिलं विचारतो.

विंडोज: फाइल हिस्टरीतून मागे जाणं

फाइल हिस्टरी विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. विंडोज ११ मध्ये ती नेहमीच्या सेटिंग्जमध्ये दिसत नाही, कंट्रोल पॅनेलमध्ये आहे.

१. बॅकअपची डिस्क जोडा. स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनेल शोधा, 'सिस्टिम अँड सिक्युरिटी'तून 'फाइल हिस्टरी' उघडा.

२. डावीकडे 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स' असं लिहिलेलं आहे, त्यावर क्लिक करा. फोल्डरांची एक खिडकी उघडेल, वर तारीख-वेळ आणि खाली मध्यभागी हिरवं गोल बटण.

३. फाइल ज्या फोल्डरमध्ये होती त्या फोल्डरात जा, फाइल निवडा आणि मग हिरव्या बटणाच्या डावीकडच्या बाणाने मागे मागे चला. दर दाबाला वरची तारीख बदलते.

४. फाइलवर डबल क्लिक केलं की तिथल्या तिथे आतला मजकूर दिसतो. हवी ती प्रत हीच का, ते इथेच बघून घ्या.

५. आता हिरवं बटण सरळ दाबू नका. त्यावर राइट क्लिक करा, 'रिस्टोअर टू' निवडा, आणि डेस्कटॉपवर आधीच बनवून ठेवलेलं एक रिकामं फोल्डर दाखवा.

पाचव्या पायरीवर मी आग्रही आहे. हिरवं बटण सरळ दाबलं तर फाइल मूळ जागी जाते. तिथे आजची फाइल आहेच, म्हणून विंडोज विचारतं की बदलू, सोडून देऊ की दोन्हींची तुलना दाखवू. घाईत माणूस पहिलाच पर्याय दाबतो आणि पंधरा दिवसांचं नवं काम जुन्या प्रतीखाली गाडलं जातं. एक नुकसान भरून काढताना दुसरं करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. जुनी प्रत नेहमी वेगळ्या फोल्डरमध्येच उतरवा.

फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' हा टॅबही असतो, तिथे त्याच प्रती यादीसारख्या दिसतात. ऑफिसच्या विंडोज सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर असेल आणि तिथे शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज त्याच डिस्कवर ठरावीक वेळी टिपून ठेवतं ते स्नॅपशॉट, चालू असतील, तर बॅकअपच्या डिस्कशिवायही याच टॅबमध्ये जुन्या प्रती मिळतात. सर्व्हरवर त्या मुळात सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ला घेतल्या जातात, आणि एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर) जास्तीत जास्त ६४ राहतात. सिस्टिम सांभाळणाऱ्याला फोन करण्याआधी तिथे डोकावून या. मात्र रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला असेल तर हा टॅब बहुधा रिकामाच सापडेल. २०१७च्या वॉनाक्रायसारखे प्रोग्रॅम शॅडो कॉपी मुद्दाम पुसतात. अशा वेळी बाहेरची बॅकअप डिस्क त्या संगणकाला चुकूनही लावू नका, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर उघडा.

संगणकच गेला असेल तर: डिस्क सरळ उघडा

फाइल हिस्टरीची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या प्रती कुठल्या गूढ साच्यात बंद नसतात. डिस्क कुठल्याही विंडोज संगणकाला जोडा, 'फाइल हिस्टरी' नावाचं फोल्डर उघडा, आत तुमच्या खात्याचं नाव, त्यात संगणकाचं नाव, त्यात 'डेटा', त्यात 'सी', आणि तिथून पुढे ओळखीची वाट. शेजारच्या 'कॉन्फिगरेशन' फोल्डरमध्ये प्रतींची नोंदवही असते, तिला हात लावू नका.

'डेटा'मध्ये प्रत्येक फाइलच्या जितक्या प्रती आहेत तितक्या फाइली दिसतील. नावापुढे कंसात तारीख, वेळ आणि शेवटी यूटीसी ही तीन अक्षरं. मामांच्या डिस्कवर आम्हाला हवी ती प्रत या नावाने पडून होती:

कुलवृत्तांत (२०२४_०३_०९ १९_०५_२२ यूटीसी)

यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतातली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे १९ वाजून ५ मिनिटं अधिक ५ तास ३० मिनिटं, रात्रीचे १२ वाजून ३५ मिनिटं, आणि तारीख १० मार्च. मामा म्हणत होते "शनिवारी मध्यरात्र उलटून गेली होती", आणि नावात तारीख होती ९. साडेपाच तास मिळवल्यावर दोन्ही जुळलं. संध्याकाळी साडेसहानंतरच्या यूटीसी वेळेत आपल्याकडे पुढची तारीख लागलेली असते, हे लक्षात ठेवा. परदेशात राहत असाल तर तिथल्या घड्याळाप्रमाणे हिशेब करा, आणि जिथे उन्हाळी वेळ पाळतात तिथे तो तासही मोजा.

प्रती खूप असतील तर 'व्ह्यू'मध्ये 'डीटेल्स' निवडा आणि आकाराच्या रकान्यावरून नजर फिरवा. मामांची फाइल दिवसागणिक थोडी थोडी वाढत होती. ११ मार्चच्या एका प्रतीपाशी ती एकदम पडलेली दिसली, चौथ्या शाखेचे फोटो गेल्यामुळे. एकही फाइल न उघडता चूक कुठल्या तासाला झाली ते सापडलं.

आकारावरून कळत नसेल तर शब्दकोशात शब्द शोधतो तसं करा. चांगली तारीख आणि वाईट तारीख यांच्या बरोबर मधली प्रत उघडा. ती चांगली असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, वाईट असेल तर मागच्या. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा तेच. ६४ प्रती असल्या तरी सहा-सात फाइली उघडून काम होतं. क्रमाने एकेक उघडत बसलात तर दुपार जाते आणि शेवटी डोळ्यांना फरकच कळेनासा होतो.

सापडलेली प्रत आधी आपल्या संगणकावर कॉपी करा आणि मगच उघडा. बॅकअपच्या डिस्कवरची फाइल तिथेच उघडून चुकून सेव्ह केली तर जपून ठेवलेली प्रतच बदलेल. कॉपी केल्यावर नावातला कंस काढून टाका.

जुना विंडोज ७ पद्धतीचा संच

पुष्कळ ऑफिसांत अजून 'बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७' या नावाची सोय वापरतात. ती विंडोज १० आणि ११च्या कंट्रोल पॅनेलमध्येही आहे. इथे 'रिस्टोअर माय फाइल्स' दाबल्यावर ती मुकाट्याने सर्वांत ताजी प्रत दाखवते. त्याच खिडकीत 'चूज अ डिफरंट डेट' अशी छोटी ओळ असते, बहुतेकांची नजर तिच्यावर जातच नाही. आधी तिथून तारीख निवडा, मग 'ब्राउझ फॉर फाइल्स'मधून फाइल. शेवटी मूळ जागा की दुसरी असं विचारतात, तिथे दुसरी सांगा.

ही सोय नसलेल्या संगणकावर डिस्क उघडायची वेळ आली तर 'बॅकअप सेट' आणि पुढे तारीख अशा नावांची फोल्डर दिसतील, त्यांच्या आत तारखांची आणखी फोल्डर, आणि त्यांत झिप फाइली. फाइल कुठल्या झिपमध्ये आहे हे नावावरून कळत नाही, एकेक उघडून बघावं लागतं. वेळखाऊ आहे, पण होतं.

मॅक: टाइम मशीन

टाइम मशीन २००७च्या लेपर्डपासून मॅकमध्ये आहे आणि मागे जाण्यासाठी याहून सोपं साधन मी वापरलेलं नाही. फक्त क्रम पाळा. आधी फाइंडरमध्ये ते फोल्डर उघडा ज्यात फाइल होती, आणि मगच वरच्या पट्टीतल्या घड्याळासारख्या चिन्हातून 'ब्राउझ टाइम मशीन बॅकअप्स' निवडा. जुन्या मॅकवर त्याच जागी 'एंटर टाइम मशीन' असतं. खिडक्यांची एकामागे एक रांग दिसेल, उजव्या कडेला तारखांच्या रेघा. रेघेवर माउस नेला की तारीख कळते. हवी ती निवडा, फाइलवर एकदा क्लिक करून स्पेसबार दाबा, मजकूर दिसेल.

'रिस्टोअर' दाबल्यावर फाइल मूळ जागी जाते. तिथे त्याच नावाची फाइल असेल तर मूळ ठेवू, दोन्ही ठेवू की बदलू असं विचारलं जातं. 'कीप बोथ' दाबा, दुसरं काही दाबायचं कारण नाही.

डिस्क जोडलेली नसतानाही काही रेघा दिसतात. त्या मॅकने स्वतःच्याच डिस्कवर घेतलेल्या तात्पुरत्या प्रती, साधारण गेल्या २४ तासांपुरत्या. सकाळी केलेली चूक संध्याकाळी लक्षात आली तर त्याच पुरतात. दुसऱ्या मॅकचा किंवा जुन्या डिस्कचा बॅकअप बघायचा असेल तर ऑप्शन की दाबून धरून तेच चिन्ह क्लिक करा, 'ब्राउझ अदर बॅकअप डिस्क्स' असा पर्याय वर येतो.

ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइली

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला अनेक जण बॅकअप समजतात. तिथे चालतं ते सिंक: इकडे पानं गेली की तिकडेही काही सेकंदांत जातात. तरी दोन्हीकडे जुन्या आवृत्त्यांची सोय आहे, पण ती मुदतीची. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या वर्ड, एक्सेल, पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच राहतात. फाइलवर राइट क्लिक करून 'मॅनेज व्हर्जन्स' उघडा. हवी ती आवृत्ती दिसली की डाउनलोड करा, आणि जपायची असेल तर 'कीप फॉरएव्हर' लावा. गूगल डॉक्समध्येच लिहीत असाल तर 'फाइल' मेन्यूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात फाइलच्या शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. रोज दहादा सेव्ह होणाऱ्या फाइलसाठी २५ म्हणजे दोन-तीन दिवसच.

फाइल उघडली, पण अक्षरं वाचता येत नाहीत

आपल्याकडे हे वारंवार होतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संचातून फाइल काढली, उघडली, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. लोक म्हणतात, बॅकअप कुजला. बहुतेक वेळा फाइल शाबूत असते. ती श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी आजची अक्षरपद्धत) फाँटमध्ये टाइप केलेली असते आणि नव्या संगणकात तो फाँट नसतो. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा, फाँटच्या चौकटीत कुठलं नाव दिसतं ते बघा, तो फाँट मिळवून बसवा, मजकूर जागच्या जागी वाचता येईल. कित्येकदा त्याच जुन्या संचात विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरची प्रतही असते, तिथे आधी शोधा. फाँट मिळाल्यावर मजकूर युनिकोडमध्ये बदलून वेगळ्या नावाने सेव्ह करा. जुनी फाइल मात्र तशीच ठेवा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार चुकतात आणि ताडून बघायला मूळ लागतं.

जुनी आणि आजची, दोन्ही एकत्र आणणं

आता मामांच्या डेस्कटॉपवर दोन फाइली होत्या. एकीत चौथी शाखा पूर्ण, पण पुढच्या पंधरा दिवसांची भर नाही. दुसरीत ती भर आहे, पण चौथी शाखा नाही. इथे पुष्कळ जण एक निवडतात आणि दुसरीवर पाणी सोडतात. तसं करायची गरज नाही.

वर्डमध्ये 'रिव्ह्यू' टॅबवर 'कंपेअर' आहे. मूळ म्हणून जुनी फाइल द्या, सुधारित म्हणून आजची. वर्ड तिसरीच एक नवी फाइल बनवतं आणि तिच्यात काय काढलं, काय घातलं हे रंगांनी दाखवतं. जे चुकून गेलं त्या ठिकाणी 'रिजेक्ट' करायचं, जे मुद्दाम बदललं तिथे 'ॲक्सेप्ट'. दोन्ही मूळ फाइलींना धक्का लागत नाही. एक्सेलमध्ये इतकं सोपं नाही. तिथे जुन्या फाइलमधली शीट नव्या फाइलमध्ये वेगळ्या नावाने आणून ओळी ताडाव्या लागतात.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये हे जोडकाम करू नका. तिथे जुना बॅकअप चालू कंपनीच्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर केला तर आजचा डेटा झाकला जातो. वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, कंपनी तिथून उघडा, हव्या त्या नोंदी बघा आणि चालू कंपनीत हाताने घाला. मार्चअखेरीला तर हे दोनदा तपासून.

काढलेल्या प्रतीची खात्री करताना फक्त पहिलं पान बघून थांबू नका. शेवटचं पान उघडा, मधले फोटो बघा, फाइलचा आकार शून्य तर नाही ना ते बघा. बरेच फोल्डर काढले असतील तर प्रत्येकातल्या दोन-तीन फाइली तरी उघडा.

बॅकअप पुन्हा सुरू करताना

बंद केलेला बॅकअप चालू करा. हे विसरणं फार सोपं आहे, म्हणून डिस्क काढण्याआधीच करा. वाचवलेल्या जुन्या प्रतीला तारखेसह नाव द्या आणि ती वेगळ्या पेन ड्राइव्हवरही ठेवा.

आणि काही हरवलेलं नसतानाही वर्षातून दोन-तीनदा एखादी जुनी फाइल मुद्दाम काढून बघा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या पाच व्यवस्था होत्या, आणि त्यांतली एकही भरवशाने कामाला आली नाही. शेवटी साधारण सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून त्यांनी सगळं उभं केलं. हे त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तालीम नसेल तर एवढ्या मोठ्या कंपनीलाही कळत नाही की आपल्या पेटीत नेमकं काय आहे.

मामांनी आता दर संकष्टीला एक जुनी प्रत उघडून बघायचं ठरवलंय. डिस्कच्या डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे: "वेळेत साडेपाच तास मिळवणे. रिस्टोअर टू, वेगळे फोल्डर."